नावाचा व्हय

मला किळस नाकानं किंवा डोळ्यांनी येत नाही, कानांनी येते. उघड्या गटारावरून मी खुशाल चालत जाते, उकिरड्याशेजारी उभी राहून भाजी निवडते. पण समोरचा माणूस बोलताना त्याच्या तोंडात लाळेची तार तुटल्याचा आवाज आला की मी दोन पावलं मागं सरते. हा काही जन्मजात गुण नाही, धंद्यानं दिलेला आहे. हेडफोन लावून लोकांचं बोलणं कापायचं, जोडायचं, धुऊन पुसून परत द्यायचं, यावर माझं पोट चालतं. आवाजाचं काम म्हटलं की लोकांना वाटतं गाणंबिणं असेल. गाणं कुठलं आलंय! माणसाचं तोंड आतून ओलं, चिकट आणि कुरकुरणारं असतं, आणि मला दिवसभर तिथंच बसायचं असतं.

वैशाख लागला की ही किळस वर येते. यंदाही आली. सकाळी गल्लीत टँकर शिरला, मागं घेताना टुंई टुंई ओरडला, आणि शेजारच्या वहिनी गॅलरीतून नवऱ्यावर खेकसल्या, "अहो, पाइप घेऊन पळा की! तो काय तुमची वाट बघत थांबणारे?" मी खिडकी लावून घेतली. उकाडा परवडला. टँकरच्या त्या आवाजासरशी मला एक जुना उन्हाळा आठवतो आणि तोंडाची चव जाते.

तो लागोपाठच्या दुष्काळातला उन्हाळा होता. तेव्हा एसटीच्या पाट्यांवर अजून औरंगाबाद लिहिलेलं असायचं. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि लोक रविवारी तो बघायला पोराबाळांना घेऊन जात होते. भेगाळलेल्या चिखलावर उभं राहून फोटो काढायचे आणि येताना कणसं खायचे. रानं अशी सुकत होती आणि शहर मात्र तट्ट फुगत होतं. बायपासच्या पलीकडं, पैठण रस्त्याला, चितेगावच्या पुढंपर्यंत, जिथं म्हणून मोकळं रान होतं तिथं चुन्यानं रंगवलेले दगड रांगेत उभे राहिले होते. प्रत्येक दगडामागं एक कमान आणि प्रत्येक कमानीवर पाण्याचं नाव. कुठं लेक, कुठं रिव्हर, कुठं नुसतंच ब्लू. शंभर कोस फिरलं तरी तळं दिसलं नसतं, पण कमानी ओल्याचिंब होत्या.

या कमानींच्या जाहिराती आमच्याकडं व्हायच्या. छावणीच्या बाजारात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. स्टुडिओ आपलं म्हणायचं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यांवर जुन्या रजया ठोकलेल्या. एसीची घरघर नको म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद. खाली पाव भाजले जायचे, वर आम्ही. त्या रजयांनी किती वक्त्यांचा घाम आणि तंबाखू पिऊन ठेवला होता, देव जाणे. मोरीत एक ड्रम होता, ड्रमात अळ्या वळवळायच्या, आणि नळाला पाणी कधी येणार ते नळालाच ठाऊक. संडासातून येऊन, हात कोरडेच पँटला पुसून, माइक सरळ करणारी माणसं मी तिथं पाहिली. त्या माइकला मग मला हात लावावा लागायचा.

आणि त्या उन्हाळ्यात माझ्या संगणकात सगळ्यात जास्त वापरलेला आवाज कुठला होता, तर पाण्याचा. प्रत्येक जाहिरातीत झरा हवा. "जरा खळखळ वाढवा ना मॅडम, फील आला पाहिजे." आमच्याकडं खळखळायला पाणी कुठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून! जयंत सरांनी इंटरनेटवरून परदेशातल्या कुठल्याशा ओढ्याचा आवाज उतरवून घेतला होता. तोच ओढा मी पैठण रस्त्याच्या प्रत्येक खडकाळ माळावरून वाहवला. तो ओढा कानात वाजत असताना माझी जीभ टाळ्याला चिकटलेली असायची आणि घरून आणलेली बाटली दुपारीच रिकामी झालेली असायची.

जयंत सर म्हणजे आमचे मालक. घराणं पौरोहित्याचं, पुढं कारकुनीत शिरलेलं. आजोबा पूजा सांगायचे, वडील कचेरीत लिहिणारे. सरांनी स्वतः पूर्वी कार्यक्रमांची निवेदनं केलेली, त्यामुळं उच्चार असे की ऐकत राहावं. काम त्यांनीच मला शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. एकच खोड. सारखी सुपारी चघळायचे आणि "हा बघ, हा तुकडा" म्हणत त्याच ओल्या बोटानं माझ्या पडद्यावर टेकवायचे. तो डाग पुसल्याशिवाय मला पुढचा आवाजच दिसायचा नाही.

आवाज दिसतो, हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं. पडद्यावर एक निळी लाट पसरते. माणूस बोलला की फुगते, गप्प बसला की रेषेसारखी आडवी होते. माउसनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं की तेवढा तुकडा उचलला जातो, आणि खाली चौकटीत त्याची लांबी उमटते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. शब्द, उसासा, आवंढा, सगळं मोजलं जातं. कापायचं ते लाट मधली रेषा ओलांडते नेमक्या त्या जागी. वर-खाली कुठं सुरी लागली तर जोडावर टक् असं वाजतं आणि चोरी उघडी पडते. पहिल्या आठवड्यात मी हे लासूर स्टेशनला आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "आवाज दिसतो व्हय?"

आता हा जो आईचा व्हय आहे, तो नीट ऐकायला हवा. पुस्तकात व्हय म्हणजे हो. आमच्याकडं तसं सरळ नाही. "जेवलीस का?" "व्हय." हा खाली येणारा, आखूड, पाय टेकलेला व्हय. हा होकार. "आवाज दिसतो व्हय?" हा वर गेलेला, डोळे विस्फारलेला. हा नवलाचा. आणि बाबा बाजारातून नासकी वांगी घेऊन आले की आई पिशवीत बघून म्हणायची, "ही वांगी हाईत व्हय!" यातला व्हय लांबतो, शेवटाला वाकडा होतो, आणि त्याचा अर्थ असतो, नाहीत. अजिबात नाहीत. शब्द एकच. आमच्या भागातलं शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही. बाहेरचा माणूस मात्र दर वेळी होकार समजतो आणि फसतो.

माझ्या कामात त्या दिवसांत मला एक नवीनच गोष्ट ऐकू यायला लागली होती. तहान. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळ्यापासून सुटताना बारीक चट् वाजतं, शब्दाच्या आधी आणि मधेसुद्धा. पडद्यावर ते काट्यासारखं दिसतं. गावाकडच्या माणसांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या वर्षी काटेच काटे. मी ते दिवसभर वेचून टाकायची, कारण गिऱ्हाइकांना ते घाण वाटायचं. "मॅडम, ये चटचट निकालो ना." आणि हे सांगणारी तोंडं कशी होती? ओलीगच्च. शेठ लोक गार पाण्याची बाटली घेऊनच माइकसमोर बसायचे, घोट घ्यायचे, घशात डुबुक् व्हायचं, आणि मग म्हणायचे, "पाणी म्हणजे जीवन." तो घोट कापताना मला खरोखर मळमळायचं. एकदा तर मोरीत जाऊन आलेही. मोरीत तो ड्रम होता, त्यामुळं तिथूनही लगेच परतावं लागलं.

विशालशेठ हे त्यांतले एक. चितेगावच्या पुढं आत वळलं की एक गाव लागतं, त्या गावाला लागून त्यांचं प्लॉटिंग चाललं होतं. रस्ते, बाग, पोहण्याचा तलाव, सगळं कागदावर तयार. त्यासाठी त्यांनी तिथं खोलखोल बोर घेतले होते, आणि बोर लागल्यापासून गावातल्या विहिरींनी तळ दाखवला होता. गावातल्या बायांनी बोर बंद करा म्हणून तहसील कचेरीत अर्ज दिला होता. अर्जावर पहिलं नाव सुंदराबाईंचं. शेठच्या डोक्यातून युक्ती निघाली ती अशी, की गावकऱ्यांनाच बोलतं करून एक फिल्म काढायची. प्लॉट घेणाऱ्यांनाही दाखवता येईल आणि कचेरीतही.

त्या फिल्मचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आलं. सुंदराबाईंना मी आधी ऐकलं, मग पाहिलं. पन्नाशीच्या असाव्यात. डोईवरचा पदर दातात धरून बोलायच्या, त्यामुळं काही शब्द कापडातून यायचे. सुरुवातीला आवाज तपासायला कॅमेऱ्यावाल्यानं विचारलं होतं, "तुमचं नाव सुंदराबाई ना?" त्या म्हणाल्या, "व्हय." आखूड, सरळ, पाय टेकलेला. मग त्यानं खरा प्रश्न विचारला, "कंपनीनं बोर घेतल्यापासून गावाला पाणी मिळतंय ना मावशी?" नुसतं वारं, लांब कुठंतरी एक शेळी, आणि एक कोरडं चट्. मग सुंदराबाई म्हणाल्या, "पानी मिळतंय व्हय? चला, रांजन दाखिते तुम्हाला."

मी हसले. इतका देखणा व्हय मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. आई आठवली, वांगी आठवली. पडद्यावर त्याची लाट वर चढत गेली होती आणि शेवटाला हिसडा देऊन थांबली होती. मी तो तुकडा उगाचच दोनतीनदा वाजवला.

संध्याकाळी जयंत सर आणि विशालशेठ दोघं माझ्या मागं येऊन उभे राहिले. शेठनं ऐकलं आणि म्हणाले, "बस. इतनाच रखो. पानी मिळतंय व्हय. आगे का रांजन-बिंजन काट दो."

मी म्हटलं, "शेठ, हा होकार नाहीये. त्या उलट विचारतायत."

"हमको मालूम है ना मॅडम. हम भी इधर के ही हैं."

सरांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "सूर वर जातोय, तो खटकेल," ते शेठना म्हणाले, आणि मग मला, "सुरुवातीचं नाव विचारलेलं आहे ना, तिथला व्हय घे. तो सपाट आहे. दोन्हीची लांबी मोज. तो जरा आखूड असेल, तर मधे त्या जागेचा मोकळा आवाज भर. वारं आहेच. बसेल बरोबर."

काम म्हणून सांगायचं तर सल्ला अचूक होता. नावाला दिलेला व्हय उचलायचा, प्रश्नातला व्हय काढायचा, त्या जागी तो बसवायचा. तोच माइक, तीच बाई, तोच वारा. ओठ दिसण्याचा प्रश्नच नव्हता, तोंडावर पदर होता. मी सरांकडं बघत राहिले. मला वाटलं, ते आत्ता हसतील आणि म्हणतील, गंमत केली. ते म्हणाले, "अगं, ऐकणारे पुण्या-मुंबईचे आहेत. त्यांना व्हय म्हणजे हो. आपण शब्द कुठं बदलतोय? तिचाच शब्द आहे, तिच्याच तोंडचा."

ध चा मा करण्याची कला आपल्याकडं जुनी आहे. पण तिथं निदान एक अक्षर खोडावं लागायचं. इथं अक्षरालाही हात लागणार नव्हता. मी म्हटलं, "सर, मी हे करणार नाही." आवाज कापत होता माझा, त्याची मला आजही चीड येते.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बरं, ऊठ जरा," आणि माझ्या खुर्चीवर बसले. त्यांनी हेडफोन लावले, तो पहिला व्हय शोधला, दोन्ही टोकं धरून उचलला. खालच्या चौकटीतला आकडा बघून मान हलवली. लाटेला बरोबर मधल्या रेषेवर पकडलं. कोरडं चट् तेवढं वेचून फेकलं, वाऱ्याचा एक तुकडा मधे सारला, आणि वाजवलं. "पानी मिळतंय. व्हय." कुठंही टक् नाही, कुठं ओरखडा नाही. इतकं स्वच्छ काम मला आयुष्यात जमलं नसतं. ज्या बोटांनी मला हे सगळं शिकवलं होतं त्या बोटांची मला शिसारी आली. पडद्यावर सुपारीचा ताजा डाग उमटला होता. तो मी पुसला नाही. डबा पिशवीत टाकला आणि जिना उतरले. खाली बेकरीत गरम पाव निघाले होते.

यानंतर मी पुष्कळ ठिकाणी कामं केली. आता घरातच बसून करते. आता तर काही उचलावं-मोजावंही लागत नाही. मशीनला सांगितलं की ते स्वतःच उसासे वेचून टाकतं, आवंढे पुसून टाकतं, माणसाला तोंडच नसल्यासारखा आवाज काढून देतं. परवा एक जण म्हणाला, "मॅडम, ह्या आजीबाईंचं बोलणं जरा शुद्ध करून मिळेल का?" मी त्याला म्हटलं, तुमच्याच तोंडापासून सुरुवात करू या का? त्यानं काम दुसरीकडं दिलं. देऊ दे. मला किळस नाकानं येत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, पण 'शुद्ध' या शब्दाला मात्र मला हटकून एक वास येतो, ओल्या सुपारीचा.

तर तेव्हाचं सांगत होते. फिल्म निघाली आणि कचेरीत पोचायच्या आधी मोबाइलवरून गावात पोचली. स्टुडिओत उरलेला पगार मागायलाही मी गेले नव्हते, पण सुंदराबाई डोक्यातून जाईनात. शेवटी एका सकाळी पैठण रस्त्याची काळीपिवळी जीप धरली आणि चितेगावच्या पुढं उतरून चालत आत गेले. लिंबाखाली हंड्यांची रांग लागली होती, बाया टँकरची वाट बघत बसल्या होत्या. सुंदराबाई त्यांच्यात नव्हत्या. थोड्या अंतरावर, दुसऱ्या झाडाखाली, एकट्या बसल्या होत्या.

मी कुठून आले ते सांगितल्याबरोबर रांगेतली एक बाई ताडकन् म्हणाली, "घ्या! हिच्याच कंपनीची आली बघा. इच्यारा आता, काय दिलं सुंदरीला त्याईनं? अर्ज बी हिनंच लिव्हायला लावला आन् व्हय बी हिनंच म्हनलं!"

"मी म्हनले नाय," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला इतका ओळखीचा होता, की समोर तोंड बघून मलाच अवघडल्यासारखं झालं. त्या माझ्याकडं वळल्या. "आवाज माझाच हाय बाई. लेकानं धा बार लावून दाखिवला. पर मी असं म्हनलेच नाय. मला येड लागलं व्हय?"

मी त्यांच्याजवळ मातीत बसले आणि त्यांना कळेल असं सांगितलं. तुम्ही खरं बोललात तो व्हय काढून टाकला. तुमचं नाव विचारलं होतं, आठवतं? तेव्हा तुम्ही जो व्हय म्हणालात, तो उचलून तिथं बसवला.

त्यांनी मातीत बोटानं एक रेघ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी माझ्या नावाचा व्हय चोरला."

"हो."

"मानसाचं नाव इच्यारून चोरी केली?" त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रागाचं नव्हतं. भाकरीत केस निघाल्यावर माणूस ताटाकडं जसं बघतो, तशा त्या स्वतःच्या हाताकडं बघत होत्या. रांगेतल्या बायांतली एक उठली, सुंदराबाईंचा रिकामा हंडा उचलून रांगेत आपल्या हंड्यापुढं नेऊन ठेवला. इतकंच. माफीबिफी कुणी मागितली नाही.

"कचेरीत बलिवलंय आमाला," सुंदराबाई म्हणाल्या. "तू येशील का? साहेबाला समजून सांगायला?"

मी गेले. कचेरीतल्या त्या खोलीत पंखा फिरत होता आणि कोपऱ्यात पाण्याचा मोठा जार होता, त्यातून डुबुक डुबुक बुडबुडे यायचे. साहेबांच्या टेबलाशी एक कारकून जबाब लिहायला बसले होते, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत होते. विशालशेठचा माणूस आधीच येऊन बसलेला. त्यानं टेबलावर मोबाइल ठेवला आणि फिल्म लावली. "पानी मिळतंय. व्हय." दारात उभ्या असलेल्या बायांत कुजबूज झाली. गावाला पाणी मिळतंय हे अर्जदार स्वतःच म्हणत असेल तर अर्ज तिथंच संपत होता. बोर चालू राहणार, विहिरी तशाच राहणार.

मी पुढं होऊन सांगायला लागले. साहेबांनी मधेच विचारलं, "तुम्ही कोण? गावच्या?"

"नाही. त्या स्टुडिओत कामाला होते."

"होते. म्हणजे आता नाही. मग तुमचं काही असेल तर वेगळं लिहून द्या. सध्या यांचा जबाब चालू आहे." आणि ते सुंदराबाईंकडं वळले. "बाई, फिल्ममध्ये तुम्हीच आहात ना?"

"मीच हाय. पर..."

"गावाला पाणी मिळतंय असं तुम्ही म्हणालात?"

सुंदराबाई उसळल्या. "मी म्हनले व्हय?"

भाऊसाहेबांचं पेन चाललं. मी जवळच उभी होते, मला अक्षर दिसत होतं. सुंदर, गोलगोल अक्षर. त्यांनी लिहिलं, 'होय, मी म्हणाले.'

भाऊसाहेब बोलण्यावरून आमच्याच भागातले होते. दहा मिनिटांपूर्वी दारातल्या बायांना "ही काय जत्रा हाय व्हय? तिकडं सावलीला बसा जा" म्हणाले होते. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. कागदावर सूर लिहिता येत नाही, एवढाच आधार त्यांनी घेतला होता. इथं संगणक नव्हता, सुरी नव्हती, मोजमाप नव्हतं. एका पेनावर काम भागलं. मी ओरडले, "भाऊसाहेब, हे काय लिहिताय? त्या नाही म्हणतायत!"

"व्हय म्हणाल्या त्या. मी माझ्या कानानं ऐकलं." ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

"सुंदराबाई," मी म्हटलं, "त्यांनी होय लिहिलंय. तुमचा व्हय पुन्हा घेतला."

सुंदराबाईंनी कागदाकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अक्षराकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पदर तोंडातून काढला, नीट कमरेला खोचला. त्यांचे कोरडे ओठ मी पहिल्यांदा पूर्ण पाहिले. भाऊसाहेबांनी शाईची पेटी पुढं सरकवली.

"नाय," सुंदराबाई म्हणाल्या.

"काय नाही?"

"अंगठा द्यायची नाय."

साहेब वैतागले. "मग जबाब नव्याने घ्या. सुरुवातीपासून विचारा."

भाऊसाहेबांनी उसासा टाकून नवा कागद घेतला. "बाई, तुमचं नाव सुंदराबाई ना?"

सुंदराबाईंनी मोबाइलकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग त्या पेनाच्या टोकाकडं.

"नाय," त्या म्हणाल्या.

"अहो, अर्जावर नाव आहे तुमचं. याच गावच्या ना तुम्ही?"

"नाय."

दारातून कुणीतरी हसलं. शेठचा माणूस म्हणाला, "साहेब, ये तो नाटक कर रही है." भाऊसाहेबांनी चिडून थेट शेवटचाच प्रश्न विचारला, "गावाला पाणी मिळतं का?"

"नाय."

या शब्दाचं दुसरं काही करता येत नव्हतं. भाऊसाहेबांना 'नाही' असंच लिहावं लागलं. लिहिलं, आणि मग त्यांनी पेन खाली ठेवलं. नावाच्या जागी नाही, गावाच्या जागी नाही, पाण्याच्या जागी नाही. ते साहेबांकडं बघून म्हणाले, "साहेब, हे असं कसं चालेल? बाई, नावच नाही म्हणता, तर मग हा जबाब कुणाचा म्हणून लिहू?"

सुंदराबाईंनी जीभ टाळ्यापासून सोडवली. ते चट् त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"जिला पानी मिळत नाय," त्या म्हणाल्या, "तिचा लिव्ह."